आईची तीन नावं आणि एकच पासपोर्ट

गेल्या अंकात आईवडिलांच्या ग्रीन कार्डाबद्दल मी जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, तर त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. आधीच सांगते, मी वकील नाही. न्यू जर्सीत राहते, सासू-सासऱ्यांची फाइल मी आणि नवऱ्याने स्वतः केली, चुकाही भरपूर केल्या, आणि मग मंडळातल्या लोकांनी आपापल्या पिशव्या घेऊन यायला सुरुवात केली म्हणून दहाबारा घरांचे कागद डोळ्यांखालून गेले. कुणाची केस गुंतागुंतीची असेल, म्हणजे आधीचा घटस्फोट, दत्तक, जुना व्हिसा ओव्हरस्टे, कोर्टकचेरी वगैरे, तर वकिलाकडेच जा, इथे वाचून काही करू नका.

ताई, मी एडिसनला असतो, दोन वर्षांपूर्वी सिटिझन झालो. आई-बाबा सांगली जिल्ह्यात असतात, दोघांसाठी आय-130, म्हणजे त्यांना ग्रीन कार्ड मिळावं म्हणून मी करायचा पहिला अर्ज, भरायचाय. पण माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नाहीये, रकाना कोरा आहे. आईचं नाव तिथे माहेरचं लागलंय, पासपोर्टवर सासरचं आहे, आणि तिच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी आहे. सुरुवात कुठून करू?

दादा, सगळ्यात आधी तो ऑनलाइन फॉर्म बंद करा. फॉर्म ही शेवटची गोष्ट. एक कोरा कागद घ्या, आडवा धरा आणि तक्ता आखा. डावीकडे एकाखाली एक सगळे कागद लिहा, म्हणजे तुमचा जन्मदाखला, तुमचा शाळा सोडल्याचा दाखला, तुमचं नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, आईचा पासपोर्ट, तिचा शाळेचा दाखला, आधार, पॅन, बाबांचे तेच सगळे, लग्नाचा दाखला, आणि समोर प्रत्येक कागदावर ते नाव जसं छापलंय तस्सं उतरवायचं, अक्षर न अक्षर, चुकीचं असेल तर चुकीचंच. त्याच्या पुढे जन्मतारीख, जन्मगाव, वडिलांचं नाव, आईचं नाव. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. एका कागदावर शेवटी एक ‘ए’ जास्त, दुसऱ्यावर ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’, हे असलं आपल्याकडे प्रत्येक घरात निघतंच. तक्ता झाला की लाल पेनने जिथे जिथे मेळ बसत नाही तिथे गोल करा. आता हे गोल म्हणजे तुमचं खरं काम. बाकी फॉर्म भरणं काय, ते रविवारी दुपारी जेवून झाल्यावरही होतं.

हे मी एवढं ठासून का सांगतेय, कारण आपल्या नावांची घडणच अशी आहे की तिकडच्या अधिकाऱ्याला ती तीन वेगळी माणसं वाटतात. समजा माहेरी कुसुम, मधे वडिलांचं नाव, मग माहेरचं आडनाव. लग्न झालं की मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं, आणि कित्येक घरात पहिलं नावसुद्धा बदललं, कुसुमची झाली सुनंदा. म्हणजे नावातला एक शब्द जुना राहिला नाही. माझ्या सासूबाईंचं असंच. ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने नाव लिहिलं, भटजींनी वाचून दाखवलं, पेढे वाटले, झालं. कागद कुठेच नाही. आणि मग पंचेचाळीस वर्षांनी आम्ही इथे बसून ते तांदूळ निवडतोय.

तुमच्या केसमध्ये काय झालं असणार तर पहिलं बाळंतपण माहेरी, नोंद करायला आजोबा किंवा मामा गेले, त्यांनी आपल्या लेकीचं नाव जे तोंडात होतं तेच सांगितलं. बाळाचं नाव तेव्हा ठेवलंच नव्हतं, बारसं बाराव्या दिवशी, नोंद त्याच्या आधीच, म्हणून रकाना कोरा. आणि म्हणूनच हेही लक्षात ठेवा की ही नोंद तुमच्या गावात नाही, आजोळच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आहे, लोक आपल्या गावात चार हेलपाटे मारतात आणि मग म्हणतात नोंदच नाही. जिथे नोंद आहे त्याच कार्यालयात नाव टाकून मिळण्याचा अर्ज करता येतो. नियमात त्याला नोंदणीपासून 15 वर्षांची मुदत आहे पण आपल्या राज्यात ती वेळोवेळी वाढवून दिली गेलीय, तेव्हा आत्ता काय चालू आहे ते तिथल्या निबंधकांना विचारून घ्या. होत असेल तर करून घ्या. होत नसेल तर कोरा दाखला तसाच जोडा, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन प्रतिज्ञापत्रं.

प्रतिज्ञापत्रांबद्दल जरा सविस्तर सांगते कारण यात लोक फार ढिसाळपणा करतात. नोटरीच्या टेबलावर तयार मजकूर असतो, ‘मी शपथेवर लिहून देतो की वरील मजकूर खरा आहे’, त्यात नावं भरतात आणि शिक्का मारून आणतात. त्याला फार किंमत नाही. लिहून देणारा माणूस तुमच्या जन्माच्या वेळी कळत्या वयाचा असला पाहिजे, मामा, आत्या, मावशी, शेजारच्या काकू कुणीही चालतात, आणि त्यात त्यांचं पूर्ण नाव, पत्ता, स्वतःची जन्मतारीख आणि जन्मगाव, तुमच्याशी नातं, आणि मुख्य म्हणजे त्यांना हे कसं माहीत, हे यायला पाहिजे. ‘मी त्यावेळी त्याच घरात राहत होते, बाळंतपण अमुक गावच्या सरकारी दवाखान्यात झालं, बारशाला मी होते, आईला माहेरी अमुक म्हणत आणि लग्नानंतर तमुक म्हणतात, ती एकच व्यक्ती आहे’, असं साधं सरळ. आणि लिहून देणारं माणूस ऐंशीच्या घरातलं असेल तर फॉर्म नंतर भरा, हे आधी करून घ्या, आमच्या एका ओळखीत मामांचं राहिलं ते राहिलंच.

आईच्या नावासाठी आता नव्याने गॅझेट करायचं का, असं तुम्ही विचारणारच. करू शकता, सरकारी राजपत्रात नावबदल छापून येतो आणि उपयोगी पडतो, पण आज छापलेलं गॅझेट चाळीस वर्षांपूर्वीचा कागद सरळ करत नाही. प्रतिज्ञापत्रं लागतातच. मी तर सोबत एक पानाचं कव्हर लेटर जोडते, त्यात सरळ लिहिते की महाराष्ट्रात बाईचं मधलं नाव लग्नाआधी वडिलांचं आणि लग्नानंतर नवऱ्याचं असतं, आणि खाली तोच तक्ता, कुठल्या कागदावर कुठलं नाव. अधिकाऱ्याला कोडं सोडवायला लावू नका.

आणि एक, दोघांसाठी दोन वेगळे आय-130. नवरा-बायको असले तरी एकाच्या अर्जात दुसरा येत नाही. आईच्या अर्जाला मुलाचा जन्मदाखला, ज्यावर मुलाचं आणि आईचं नाव असतं, हा मुख्य पुरावा. वडिलांच्या अर्जाला त्याशिवाय आई-बाबांच्या लग्नाचा दाखलाही लागतो. तुमच्याकडे आईचं नाव बदललेलं आहे म्हणून तो आईच्या फाइललाही जोडा. फी एप्रिल 2024 पासून प्रत्येक अर्जाला ऑनलाइन 625 डॉलर, कागदावर 675. पुढे एनव्हीसीकडे, म्हणजे नॅशनल व्हिसा सेंटरकडे, केस गेली की दरडोई 325 आणि 120 अशा दोन फी, आणि व्हिसा मिळाल्यावर 235. दोघांचे मिळून अडीच हजारांच्या वर जातात, मेडिकल आणि तिकिटं वेगळी. भरायच्या दिवशी साइटवर आकडा बघूनच भरा, हे दर बदलत असतात.

लग्न 1978 चं, कोल्हापूरजवळ, दारात मांडव घालून. नोंदणी कुणी केलीच नाही. आता वडील 74 चे, आई 68. आता कशी होणार नोंदणी? लोक हसतील असं आई म्हणते.

होते, आणि हसत कुणी नाही, उलट कार्यालयातली मंडळी कौतुक करतात. आपल्याकडे 1998 चा विवाह नोंदणीचा कायदा आहे, त्याआधी 1953 चा होता, जुन्या लग्नांची नोंदणी आजही करून देतात. लग्नाची पत्रिका असेल तर उत्तम, नसेल तर लग्नातला फोटो, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार. लग्न लावलेले गुरुजी आता हयात नसणार, तर त्याऐवजी काय चालेल हे तिथेच विचारून घ्यायचं, प्रत्येक ठिकाणी मागण्या थोड्या वेगवेगळ्या असतात.

पत्रिका कुठे सापडते माहितीये? मी आमच्या कऱ्हाडच्या घरी सासूबाईंबरोबर जमिनीवर बसून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा उपसला होता. त्यात जुनी रेशन कार्डं, एलआयसीच्या पावत्या, कुणाचं तरी जावळ पुडीत बांधलेलं, आणि तळाला पत्रिका, हळदीकुंकवाची बोटं लावलेली, कोपरा वाळवीने खाल्लेला. तारीख तेवढी शाबूत होती. त्या बराच वेळ ती हातात धरून बसल्या होत्या आणि मी मूर्खासारखी म्हणतेय, आई जरा सरळ धरा, फोटो काढते.

दाखल्यावर लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख अशा दोन तारखा येतात. फॉर्ममध्ये लग्नाची तारीख म्हणजे 1978 चीच लिहायची, काही जण घाबरून नोंदणीची टाकतात आणि मग मुलगा लग्नाआधी जन्मला असं दिसतं! नोंदणी करून घ्यायच्या आधी तो तक्ता समोर ठेवा आणि वर-वधूची नावं त्याप्रमाणेच लिहून घ्या, स्पेलिंगसकट, दाखला छापून आल्यावर दुरुस्ती म्हणजे पुन्हा पंधरा चकरा.

वडिलांचा जन्म 1949 चा. ग्रामपंचायत म्हणते नोंद नाही. शाळेच्या दाखल्यावर 1 जून आहे, पासपोर्टवरही 1 जून. खरी तारीख त्यांनाही माहीत नाही, ‘पोळ्याच्या आसपास’ एवढंच आजी सांगायची. खोटं लिहिलं असं होईल का?

अहो, अख्ख्या महाराष्ट्रात 1 जूनला वाढदिवस असलेल्यांचं संमेलन भरवलं तर शिवाजी पार्क पुरणार नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजींनी मुलाच्या उंचीकडे बघून वर्ष ठरवलं आणि तारीख 1 जून टाकली. आयुष्यभर प्रत्येक सरकारी कागदावर तीच आहे, नोकरी, पेन्शन, पासपोर्ट, तर तीच लिहायची. हे खोटं नाही, नोंदीतली तारीख हीच आहे. पोळा वगैरे विचारलंच तर खरं सांगावं, पण आपणहून नवीन तारीख काढून गोंधळ घालू नये.

आता नोंद. जन्म-मृत्यू नोंदणीचा आत्ताचा कायदा 1969 चा, आपल्याकडे 1970 च्या एप्रिलपासून लागू. त्याआधी नोंदी व्हायच्या पण सगळ्यांच्या नाही, आणि झाल्या तरी त्या गाव नमुना 14 मध्ये, कोतवालाच्या बुकात. कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हापासून ही नावं सगळ्यांना माहीत झालीत, तीच ती रजिस्टरं, तहसीलच्या अभिलेख कक्षात बासनात बांधलेली, जुनी असतील तर मोडीत. वेळ असेल तर एकदा शोध घ्या. पण त्यात ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढंच निघालं, नाव नाही, आणि तारीख वेगळी, तर काय, हा विचार आधी करा. वेगळी तारीख सापडलीच तर ती लपवायची नाही, तिथे मात्र वकिलाला तासाभराची फी द्या आणि विचारा.

नसेल नोंद तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घ्यायचा, नमुना 10 मध्ये मिळतो, जन्म जिथे झाला तिथल्याच निबंधकाकडून. तलाठ्याचं किंवा सरपंचांच्या लेटरहेडवरचं पत्र चालत नाही. त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि वर सांगितलं तशी दोन प्रतिज्ञापत्रं, वडिलांपेक्षा वयाने मोठं कुणी हयात असेल तर त्यांचं, नसेल तर ज्याला घरातलं माहीत आहे अशा जवळच्या नातेवाइकाचं. आणि कुणी एजंट म्हणाला की मी तुम्हाला उशिरा नोंदणीचा कोरा करकरीत जन्मदाखला काढून देतो, तर नको म्हणा. पंचाहत्तर वर्षांनी केलेली नोंद बघून शंका वाढते, कमी होत नाही. रीतसर उशिरा नोंदणीला आता दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, ते काम एजंटच्या खिशातून निघत नसतं.

एक वाचक पणजीहूनही विचारतायत की आजीचा दाखला पोर्तुगीजमध्ये आहे, चालेल का. चालेल हो, गोव्याचं या बाबतीत बरं आहे, तिथे जुन्या नोंदी आपल्यापेक्षा खूपच नीट आहेत, फक्त इंग्रजी भाषांतर जोडा.

भाषांतर नोटरी केलेलं लागतं का? इथला एक जण म्हणतोय प्रत्येक कागद अपोस्टिल करून घ्या, म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का, एका कागदाचे अमुक हजार.

नाही आणि नाही. अपोस्टिल या कामाला लागतच नाही. भाषांतराला नोटरी लागत नाही, लागतं ते भाषांतर करणाऱ्याचं चार ओळींचं इंग्रजी निवेदन, की मला मराठी आणि इंग्रजी दोन्ही येतं आणि हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, खाली नाव, सही, पत्ता, तारीख. दोन्ही भाषा चांगल्या येणारं कुणीही करू शकतं, फक्त अर्जदाराने स्वतः करू नये, वहिनीला सांगा, मित्राला सांगा. आपले बरेच दाखले छापील मजकूर दोन भाषांत आणि आत हाताने मराठीत लिहिलेले असतात, त्यांनाही भाषांतर लागतं. शिक्क्यातला मजकूरसुद्धा भाषांतरात यायला हवा, ‘ग्रामसेवक, ग्रामपंचायत अमुक’ हेसुद्धा. अस्पष्ट असेल तर अस्पष्ट असं लिहा, अंदाजाने भरू नका.

आता माझी चूक सांगते. सासऱ्यांच्या दाखल्याची पुढची बाजू स्कॅन करून टाकली, मागे गोल शिक्का आणि सही होती ती राहिली. कागद नाकारला गेला, पुन्हा रांगेत, कित्येक आठवडे गेले. दोन्ही बाजू, मग मागे फक्त पुसटसा शिक्का का असेना. दाखला लॅमिनेट करू नका, केला असेल तर नवी प्रत काढा. मूळ कागद आणि त्याचं भाषांतर एकाच पीडीएफमध्ये, पाच पानं असतील तर पाचांची एकच फाइल, साइज मर्यादेत बसवा, पासवर्ड नको. आणि गावाहून भावाला व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव असं सांगा, साधा फोटो पाठवला की तो दाबून बारीक करतो आणि अक्षरं धुरकट होतात. त्यापेक्षा तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे रंगीत स्कॅन, वीसपन्नास रुपयांचं काम. फाइलचं नावही माणसासारखं द्या, आई_जन्मदाखला, बाबा_पोलीसदाखला असं काहीतरी, इंग्रजीत. ‘स्कॅन 0047’ हे रात्री अकरा वाजता कुणालाच कळत नाही.

डीएस-260, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, भरतोय, त्यात वडिलांचे सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते मागितलेत. वडील जिल्हा परिषदेत शिक्षक होते, अकरा बदल्या झाल्या. काय लिहू?

अकराच्या अकरा लिहा! गंमत नाही करत. वडिलांना फोन लावा आणि सेवा पुस्तकाची प्रत असेल तर काढायला सांगा, त्यात बदल्यांच्या तारखा असतात. खोलीचा नंबर कुणाला आठवणार, गाव, तालुका, जिल्हा आणि महिना-वर्ष अंदाजे पण प्रामाणिकपणे. हा फोन निवांत वेळ ठेवून करा. माझ्या नवऱ्याने अर्ध्या तासात उरकू म्हणून लावलेला, सव्वादोन तास चालला, त्यात एका गावात ओढ्याला पूर आला तेव्हा शाळेचं कपाट कसं वाचवलं ते सगळं आलं.

गेल्या 5 वर्षांतले सोशल मीडियाचे अकाउंटही विचारतात, आईचं फेसबुक नातवाने काढून दिलेलं असतं, ती विसरलेली असते, तेही लिहायचं.

पोलीस दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवा केंद्रातूनच, फी 500 रुपये. आपल्या पोलीस स्टेशनातून किंवा आयुक्तालयातून नोकरीसाठी मिळतो तो वेगळा, तो इथे चालत नाही, यात खूप लोक फसतात. आणि वडील कधीकाळी मस्कत-कुवेतला वर्षभर किंवा जास्त राहिले असतील, कोकणातल्या घरांत हे हमखास असतं, तर तिथलाही पोलीस दाखला लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून तो सगळ्यात आधी मार्गी लावा. उलट भारतातला पीसीसी फार आधी काढू नका, दोन वर्षांनी तो जुना होतो.

माझा पगार पुरेल का? घरात आम्ही चौघं.

आय-864, म्हणजे आई-बाबांचा खर्च उचलण्याची हमी देणारा फॉर्म, त्यात अमेरिकेतल्या गरिबी रेषेच्या 125 टक्के उत्पन्न दाखवायचं असतं. तुम्ही चौघं आणि आई-बाबा मिळून हिशोब 6 माणसांचा धरा, 2025 च्या आकड्यांनी ते 53,937 डॉलर होतात. आई आणि बाबांसाठी दोन वेगळे आय-864. टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट आयआरएसच्या, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याच्या, साइटवरून फुकट उतरवता येतं, सोबत डब्ल्यू-2 हा पगाराचा वर्षाचा कागद, नोकरीचं पत्र. कमी पडलं तर बायकोचं उत्पन्न धरता येतं किंवा दुसरा कुणी सिटिझन अथवा ग्रीन कार्डवाला जॉइंट स्पॉन्सर होऊ शकतो, पण त्याला नीट समजावून सांगा की ही नुसती सही नाही, कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती वर्षानुवर्षं चालते. मित्राला ‘अरे फॉर्मॅलिटी आहे’ म्हणून सही घेऊ नका.

माझी धाकटी बहीण 24 वर्षांची, लग्न व्हायचंय. आई-बाबांबरोबर तिलाही आणता येईल ना?

नाही हो. आईवडिलांच्या या अर्जात त्यांची मुलं येत नाहीत. बहिणीसाठी तुम्ही वेगळा अर्ज करू शकता पण ती भावंडांची रांग आहे, 2025 सालच्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे रांग कुठवर आली ते सांगणाऱ्या पत्रकात, भारतातल्या भावंडांसाठी 2006 मधल्या तारखा चालल्या होत्या, म्हणजे 2006 मध्ये अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता. म्हणजे अर्ज करून ठेवा हवा तर, पण तिच्या लग्नाचं, नोकरीचं कुठलंही गणित त्यावर मांडू नका, आणि आई-बाबा इकडे आल्यावर ती तिकडे एकटी राहणार आहे हे आत्ताच तिच्याशी बोला.

मी इथली सिटिझन, नवरा पुण्यात. लग्न गेल्या वर्षी झालं. नात्याचा पुरावा म्हणून व्हॉट्सॲपचे चॅट छापलेत, नऊशे पानं झाली. सगळी जोडू?

बाई गं, त्या अधिकाऱ्यावर दया कर. दर महिन्याचं एखाद-दुसरं पान पुरे, ज्यात तारीख दिसते आणि रोजचं काहीतरी बोलणं आहे, गॅस आला का, आईचं बीपी कसंय असलं. गुड मॉर्निंगची फुलं काढून टाक. त्यापेक्षा तू जाऊन आलीस त्याची तिकिटं आणि पासपोर्टवरचे शिक्के, एकमेकांना पाठवलेले पैसे, विम्यात किंवा बँकेत नॉमिनी म्हणून नाव, आणि फोटो, पण नुसते स्टेजवरचे नाही, दोन्हीकडचे आई-वडील असलेले, साखरपुड्यापासून आत्ताच्या दिवाळीपर्यंत, प्रत्येकाच्या खाली कोण, कुठे, कधी. वीसपंचवीस बास. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तो इथे पोचला तर त्याला दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळेल आणि ते संपायच्या आधीच्या 90 दिवसांत आय-751, म्हणजे कार्डावरची अट काढायचा अर्ज, भरावा लागेल, त्यालाही हेच पुरावे लागतात, म्हणून ही फाइल बंद करू नकोस, पुढेही भरत राहा.

आम्ही नाशिकला असतो, मुलगा डॅलसला. तो ग्रीन कार्ड करतो म्हणून मागे लागलाय. आम्हाला तिथे कायम राहायचं नाही, सहा महिने तिथे, सहा महिने इथे, असं जमेल का?

काका-काकू, तुमचं पत्र वाचून मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटलं. ग्रीन कार्ड हे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. सलग एक वर्ष बाहेर राहिलात तर तुम्ही ते सोडलंत असं धरतात, आणि त्याच्या आतही दरवेळी जास्त काळ बाहेर राहून नुसता पाय लावायला येताय असं दिसलं की विमानतळावर विचारणा होते. काही कारणाने जास्त राहावं लागणार असेल तर निघायच्या आधी, तिथे असतानाच री-एंट्री परमिटचा अर्ज करता येतो, ते दोन वर्षांपर्यंतचं मिळतं, पण तो कायमचा मार्ग नाही. नाशिकचं घर, तुमचा सकाळचा ग्रुप, डॉक्टर, देवाचं सगळं तिकडेच राहणार असेल तर तुमच्यासाठी साधा टूरिस्ट व्हिसाच बरा, असं माझं मत. मुलाला राग येईल, येऊ दे. आणि हो, ग्रीन कार्ड मिळालं की तिथे औषधपाण्याची फुकट सोय होते असा समज असेल तर तोही काढून टाका, मेडिकेअर, म्हणजे वयस्कांचा सरकारी विमा, असं आल्या आल्या मिळत नाही, विमा मुलाला विकत घ्यावा लागतो आणि तो स्वस्त नाही. आधी मुलाबरोबर बसून पैशाचं बोला.

आणि मुलाने ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला की त्यानंतर टूरिस्ट व्हिसा मागायला गेलात तर तिथे त्याची नोंद दिसते, विचारतात. म्हणजे नक्की ठरवल्याशिवाय ‘टाकून तर ठेवू’ असं करू नका.

मेडिकल आणि मुलाखतीला काय काय न्यायचं? आई एकटी जाणार आहे, बाबा नाहीत.

मेडिकल ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच होतं, फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही. छातीचा एक्स-रे काढतात. आईंना लहानपणी किंवा कधीही टीबी झाला असेल तर लपवू नका, जुने एक्स-रे आणि औषधांचे कागद शोधून न्या, कारण डाग दिसला तर थुंकीची तपासणी होते आणि तिचा रिपोर्ट यायला सहा ते आठ आठवडे जातात, त्याआधी तिकीट काढलं असेल तर पैसे गेले. लसींचे कागद असतील तेवढे न्या, रोजच्या गोळ्यांची यादी डॉक्टरकडून एका कागदावर लिहून घ्या.

मुलाखतीला, मुंबईत बीकेसीच्या अमेरिकी वकिलातीत, सगळे मूळ कागद लागतात, जे अपलोड केलं त्यातला प्रत्येक. बाबा गेलेत तर त्यांचा मृत्यूचा दाखलाही, त्यावरचं नाव लग्नाच्या दाखल्याशी ताडून बघा. प्लॅस्टिकच्या पारदर्शक फोल्डरमध्ये, कप्प्यांवर मराठीत चिठ्ठ्या लावा, ‘लग्न’, ‘जन्म’, ‘पोलीस’, ‘मुलाचे पगाराचे’, म्हणजे आईला खिडकीपाशी कुणी काही मागितलं की तिलाच काढता येईल. आदल्या संध्याकाळी एकदा घरी तालीम करा, तुम्ही मागा आणि तिला काढू द्या. तुमचं राहतं गाव, नोकरी, सुनेचं नाव, नातवंडांची वयं एवढं तिला सांगून ठेवा, पाठ करून घेऊ नका. मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा कुणीतरी बाहेर थांबा, आणि बाहेर आल्यावर नेमकं कुठल्या झाडाखाली भेटायचं ते आधी ठरवा. आमच्या सासूबाई पाऊण तास भलत्याच गेटपाशी उभ्या होत्या, आणि फोन माझ्या पर्समध्ये.